जुन्या गाण्याचा तुकडा वापरून केलेले ध्वनिमुद्रण: कॉपीराइट नोंदणी आणि अडणारी कागदपत्रे

कोल्हापुरात जुन्या कॅसेटवरचा हलगीचा ठेका किंवा लावणीची ओळ उचलून त्यावर नवे गाणे बांधणारी मुले पुष्कळ आहेत, आणि नोंदणीच्या वेळी त्यांचे बहुधा एकाच ठिकाणी अडते. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांचा किंवा त्यांनी तो ज्याला लिहून दिला त्याचा असतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे बहुधा कॅसेट कंपनीचा असतो. मूळ आवाजाचा तुकडा जसाच्या तसा घेतला, तर दोन्हीकडची लेखी परवानगी लागते.

अर्ज स्वतः अवघड नाही. नमुना १४ ऑनलाइन भरावा, ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये भरावेत आणि डायरी क्रमांक (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे.

अडते ते ना-हरकत पत्रापाशी. एका तरुणाने मला संगीतकाराच्या मुलाचे, वहीच्या रेघी पानावरचे पत्र दाखवले होते: ‘वडिलांचे गाणे वापरण्यास माझी हरकत नाही.’ गाण्याचे नाव नाही, मुदत नाही, बाकीच्या वारसांच्या सह्या नाहीत. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षेच धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत; गाणे मात्र इंटरनेटवर जगभर वाजणार असते. कंपनीचे पत्र तर त्याच्याकडे नव्हतेच, कारण कंपनी बंद पडली होती. कृपया ध्यानात घ्यावे, कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाही. १९८५ साली प्रकाशित झालेल्या कॅसेटचे ध्वनिमुद्रण २०४५ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे आणि तो हक्क दुसऱ्या कोणी विकत घेतलेला असू शकतो.

‘सात सेकंदांपर्यंतचा तुकडा परवानगीशिवाय चालतो’ असा नियम कायद्यात कुठेही नाही. २००८ साली जाहिरातीतल्या एका छोट्या धूनेच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तुकड्याची लांबी मोजली नाही. सामान्य श्रोत्याला मूळ धून ओळखू येते का, हे पाहिले. शिवाय ज्या ध्वनिमुद्रणात मूळ चालीचा किंवा शब्दांचा हक्क डावलला आहे, त्याला कलम १३ प्रमाणे स्वतःचा कॉपीराइटच मिळत नाही. नुसते प्रमाणपत्र हातात असून तेथे भागत नाही.

कलम ३१-सी (31C) ची, म्हणजे परवानगीऐवजी नोटीस आणि मानधन देऊन गाणे करण्याची वाट वेगळी आहे. ती गाणे नव्याने गाऊन-वाजवून केलेल्या आवृत्तीसाठी आहे, उचललेल्या तुकड्यासाठी नाही. तिची मुदत सर्रास चुकीची मोजली जाते, याचा खेद वाटतो. पहिले ध्वनिमुद्रण मार्च २०२१ मधले असेल, तर पाच वर्षे ते वर्ष संपल्यापासून धरायची. म्हणजे १ जानेवारी २०२७ पूर्वी या वाटेने आवृत्ती करता येत नाही. शिवाय आवृत्ती करण्याच्या किमान १५ दिवस आधी हक्कधारकाला आणि कॉपीराइट निबंधकांना नोटीस द्यावी लागते, आणि किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते.

ठेका पारंपरिक असेल तर हलगी-घुमकं वाजवणाऱ्यांना बोलावून तो स्वतः नव्याने मुद्रित करावा. त्याला कंपनीचे पत्र लागत नाही. चाल कोणी रचलेली असेल, तर मात्र तिच्या हक्कधारकाची सही तेव्हाही घ्यावीच लागते.