लहान मुलाच्या भाषा-तपासणीसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि बोलण्याचा नमुना

दोन वर्षं पूर्ण होऊनही मूल ५० पेक्षा कमी शब्द बोलत असेल किंवा दोन शब्द जोडत नसेल ('बाबा गेले'), तर अर्ज करावा. त्यासाठी आधी निदान झालेलं असावं लागत नाही. येत असलेले शब्द बोलणं बंद झालं, तर वय न पाहता लगेच करावा. बुद्ध्यांकाच्या मानाने भाषा मागे असल्याचं दाखवण्याची जुनी अट, मुलांच्या भाषेच्या अडचणींबद्दल २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीत नाही.

कागदपत्रं: जन्मदाखला, आधीचे वैद्यकीय अहवाल, बालवाडीच्या शिक्षिकांचं निरीक्षण आणि श्रवणचाचणीचा अहवाल. मूल वेळेआधी जन्मलं असेल तर डिस्चार्जचा कागदही जोडा, कारण साधारण दोन वर्षांपर्यंत वय जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरतात. अर्ज बहुधा अडकतो तो श्रवणचाचणीपाशी. 'हाक मारली की वळतो' ही चाचणी नव्हे. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं आणि घरात ते कळत नाही.

घरात दोन भाषा असतील तर दोन्ही लिहा. शब्द एकत्र मोजतात. एकच भाषा नोंदवली तर मूल आहे त्यापेक्षा मागे दिसतं.

सगळ्यात जास्त चुका होतात बोलण्याच्या नमुन्यात. खेळताना रेकॉर्डिंग करून किमान ५० उद्गार (मूल एका वेळी बोलतं तो शब्द किंवा वाक्य) उतरवा. १०० मिळाले तर उत्तम. 'हे काय?' असं विचारत बसलात तर सुटी नामंच मिळतात आणि वाक्याची सरासरी लांबी उगाच घटते. त्याऐवजी 'मग काय झालं?' विचारा आणि गप्प बसा. मूल 'मुलगीला बोलाव' म्हणालं तर तसंच लिहा. पालक सवयीने 'मुलीला' करतात आणि सामान्यरूप (प्रत्यय लागताना नामाचं होणारं बदललेलं रूप) जमत नसल्याचा पुरावाच पुसला जातो. अर्थात अशा चुका लहान वयात सगळीच मुलं करतात. पाहायचं असतं ते, त्या किती आणि कुठल्या वयापर्यंत टिकतात. क्रियापदं वेगळी मोजा: फेकणं, ओढणं, उघडणं या सगळ्याला 'करतो' म्हणणाऱ्या मुलाची नामं भरपूर असली तरी शब्दसंग्रह तोकडाच असतो.

अहवाल हातात आल्यावर आकलन (समजणं) आणि अभिव्यक्ती (बोलणं) स्वतंत्र नोंदवली आहे का, ते पाहा. परभाषेतली चाचणी नुसती भाषांतरित करून त्या भाषेतल्या मुलांच्या गुणांच्या कोष्टकावरून गुण काढले असतील, तर ते ग्राह्य धरू नका. नमुन्याचं विश्लेषण लेखी मागा.