चढणीवर दम, उतरणीवर पाय

कोकणात घर आणि रस्ता यांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी एक घाटी असते. कुठे जांभ्याच्या पायऱ्या, कुठे नुसती पायवाट. एसटी वर सड्यावर थांबते आणि वाडी खाली असते, किंवा याच्या उलट. साठी ओलांडलेलं माणूस दवाखान्यात येऊन सांगतं, "आताशा चालवत नाही." सोबत आलेला मुलगा लगेच म्हणतो, "वय झालं, डॉक्टर." चौकशी इथेच थांबली तर खरा आजार राहून जातो. म्हणून पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: थांबावं लागतं ते चढताना की उतरताना? आणि थांबल्यावर बरं वाटतं ते कशाने?

शरीरातली एखादी वाट अरुंद झाली की वैद्यकात त्याला स्टेनोसिस म्हणतात. ही वाट हृदयाच्या झडपेची असू शकते आणि पाठीच्या कण्यातली पोकळीही. रुग्णाची तक्रार दोन्हीकडे एकच असते, चालवत नाही. आत घडतं ते मात्र अगदी वेगळं.

आधी हृदय. डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं तिथे तीन पाकळ्यांची एक झडप असते. निरोगी माणसात ती ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडते. वयानुसार पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं, त्या जाड आणि ताठ होतात. शंभरात एखाद-दुसऱ्या माणसाला जन्मतःच तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. त्याच्यात हे काम लवकर सुरू होतं. उघडण्याची जागा १ चौरस सेंटीमीटरच्या खाली गेली की आजार तीव्र समजतात.

ओहोटीच्या वेळी खाडीच्या अरुंद मुखाशी पाण्याला कशी ओढ असते, हे होडीवाल्यांना सांगायला नको. झडपेतही तसंच होतं. तेवढंच रक्त लहान फटीतून जायचं तर वेग वाढतो, आणि इको म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयाच्या तपासणीत हाच वेग मोजतात. वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणलं की झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मिळतो. वेग सेकंदाला १ मीटर असेल तर फरक फक्त ४ मि.मी. पारा. वेग ४ मीटर झाला तर फरक ६४. दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब १२० असताना हृदयाचा कप्पा आत त्याहून कितीतरी जास्त दाबाने ढकलत असतो, आणि पट्ट्याला त्याचा पत्ताही नसतो. "बीपी नॉर्मल आहे" यावर निश्चिंत राहता येत नाही ते यामुळे.

हृदयाचा स्नायू जाड होऊन वर्षानुवर्षं हे ओझं पेलतो. मग चढणीवर दम लागतो, छातीत दुखतं, कधी चालता चालता अंधारी येऊन माणूस पडतं. ही लक्षणं दिसू लागल्यावर झडप बदलली नाही तर पुष्कळ रुग्णांच्या हाती दोन-तीन वर्षंच उरतात. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्रास लपून राहण्याची. माणसं नकळत चढ टाळू लागतात. वरच्या देवळात जाणं सुटतं, बाजार शेजाऱ्याकरवी येतो, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, "मला काहीच त्रास नाही." तेव्हा घरच्यांनी असं विचारावं: गेल्या वर्षी करत होता आणि यंदा सोडलं, असं काय काय आहे?

या झडपेला मोकळं करणारी गोळी नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी आजार रोखता येईल अशी आशा होती, ती चाचण्यांत फोल ठरली. आणि छातीत दुखलं म्हणून दुसऱ्याची सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली ठेवू नये. झडप फार अरुंद असेल तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. उपाय नव्या झडपेचाच. २००२ साली फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, नळीवाटे पहिली झडप बसवली. आता ती बहुधा जांघेतल्या धमनीतून नेतात. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने धातूची झडप घडवली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवली. परदेशी झडप न परवडणाऱ्या देशात हे काम फार मोलाचं होतं. धातूच्या झडपेला रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी आयएनआरची तपासणी वरचेवर करावी लागते. आडवाडीतल्या रुग्णाला त्यासाठी तालुक्याला खेपा घालाव्या लागतात, याचा विचार झडप निवडतानाच व्हावा.

तरुण वयात अरुंद होते ती बहुधा डाव्या बाजूचीच दुसरी, मायट्रल झडप. तिचं मूळ लहानपणीच्या घसादुखीत असतं. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा असे सांधे धरतात. ही फिरती सांधेदुखी बरी होते, झडपेवरचे व्रण मात्र राहतात. मुलगी मोठी होते, गरोदर राहते, अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि तेव्हा पहिल्यांदा दम लागतो. "पोटुशी आहे, दम लागायचाच" म्हणून तो सोडून देऊ नये. पाकळ्यांची स्थिती चांगली असेल तर जपानच्या कान्जी इनोऊए यांनी १९८०च्या दशकात आणलेल्या फुग्याने चिकटलेली झडप मोकळी करता येते. ज्या मुलांना हा ताप येऊन गेला आहे त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. मूल बरं दिसतं म्हणून ते बंद करू नये.

आता पाठ. कण्याच्या मणक्यांमधून एक पोकळी खाली जाते. मुख्य मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात संपतो आणि पुढे नसांचा झुपका उतरतो. उतारवयात मणक्यांमधली चकती फुगते, मागचे सांधे जाड होतात, मणक्यांना जोडणारा पिवळा अस्थिबंध सुजल्यासारखा जाडावतो, आणि नसा दाबल्या जातात. नेदरलँड्सचे हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये या आजाराचं नेमकं चित्र मांडलं.

यातली खूण अशी की ताठ उभं राहिलं, पाठ मागे झुकली, की पोकळी आणखी आवळते. पुढे वाकलं की सैल होते. घाटी चढताना माणूस आपसूक पुढे झुकतं, म्हणून त्याला चढ सोसतो. उतरताना पाठ मागे जाते आणि पाय भरून येतात, मुंग्या येतात, पोटऱ्या बधिर होतात. मग तो गडग्यावर टेकतो, गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो आणि चार मिनिटांत पुन्हा चालू लागतो. हाच माणूस सायकलवर लांबवर जाईल, पण मासळीबाजारात उभं राहून बांगडे निवडणं त्याला जमणार नाही. तंबाखू किंवा मधुमेहामुळे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांचेही पाय भरतात, पण त्यांना नुसतं उभं राहूनच आराम पडतो, बसावं लागत नाही.

एमआरआयवर फार विसंबू नये असं माझं मत आहे. साठीच्या पुढे पुष्कळ जणांच्या चित्रात पोकळी अरुंद दिसते आणि त्यांना काहीच होत नसतं. शस्त्रक्रिया चित्राची करायची नसते. बऱ्याच जणांचं पुढे वाकण्याचे व्यायाम आणि एका जागी चालवायची सायकल यांवर भागतं. मात्र लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. मानेत पोकळी अरुंद झाली तर तक्रार हातांपासून सुरू होते: सदऱ्याची बटणं लागत नाहीत, अबोलीचा वळेसर करताना बोटं चुकतात, चाल डगमगते. दुखत नाही म्हणून लोक याकडे लक्ष देत नाहीत, आणि मज्जारज्जूचं झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही.

एकाच म्हाताऱ्या माणसात झडप आणि कणा दोन्ही बिघडलेले असू शकतात. काही जणांत हृदय आणि कणा दोन्हींच्या बिघाडात एकाच गोष्टीचा हात सापडतो. यकृतात तयार होणारं ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन उतारवयात हृदयाच्या स्नायूत साचतं, आणि तेच कण्याच्या पिवळ्या अस्थिबंधात, मनगटात नस जाते त्या बोगद्यातही साचलेलं आढळलं आहे. पाय लवकर थकत असल्याने माणूस मुळात फार चालतच नाही, मग दम लागायची वेळ येत नाही आणि झडपेचा आजार झाकलेला राहतो. असा माणूस पाठीच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर जातो. पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं की रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, आणि अरुंद झडपेमागचं हृदय तो भरून काढू शकत नाही. त्याआधी कुणीतरी छातीला स्टेथोस्कोप लावलेला असावा, मानेपर्यंत जाणारी खरखर ऐकलेली असावी आणि इको करून घेतलेला असावा.