पार्श्वभूमी : चक्रीवादळाच्या श्रेणीतून पाणी वगळले गेले तेव्हा

वाऱ्याचा जोर अंकांत सांगण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर सुरू झाली, पण तिच्या बाराव्या अंकात सगळीच चक्रीवादळे बसत. आजची एक ते पाच अशी श्रेणी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तयार झाली आणि तिचा उगम घरबांधणीत आहे. कमी खर्चाची घरे वादळात कितपत तग धरतील, याचा अभ्यास करणाऱ्या एका अभियंत्याने वाऱ्याच्या वेगानुसार नुकसानीचे टप्पे पाडले. पुढे एका हवामानतज्ज्ञाने प्रत्येक टप्प्याला हवेचा दाब आणि किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याची अपेक्षित उंची जोडली. नंतरच्या वादाचे मूळ या जोडणीत आहे.

या पाण्याला मराठीत कधी वादळी लाट म्हणतात, कधी उधाण, आणि दोन्ही शब्द अपुरे पडतात. लाट येते आणि ओसरते. येथे समुद्राची पातळीच काही तास चढलेली राहते आणि लाटा तिच्यावर स्वार होऊन आत येतात. उधाण म्हणावे, तर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाही आपण तेच म्हणतो. हवेचा दाब शंभर हेक्टोपास्कलने उतरला तरी पाणी सुमारे एक मीटरच वर येते. बाकीचे पाणी वारा लोटत आणतो, आणि ते किती असेल हे वादळाचा घेर, त्याची चाल, किनाऱ्याचा आकार आणि लगतचा समुद्र किती दूरपर्यंत उथळ आहे यांवर ठरते. कमाल वेगाच्या एका आकड्यातून ही उंची काढता येत नाही.

२००४ साली चार्ली हे चौथ्या श्रेणीचे वादळ फ्लोरिडाला धडकले, तेव्हा पाणी जेमतेम दोन मीटर चढले. २००८ साली टेक्सासला धडकलेले आइक दुसऱ्या श्रेणीचे होते आणि त्याचे पाणी काही ठिकाणी साडेचार मीटरच्या वर गेले. या दोहोंच्या मधले कतरिना तर फार बोलके आहे. १९६९ साली मिसिसिपीच्या किनाऱ्यावर कॅमिल हे पाचव्या श्रेणीचे वादळ आले होते. त्याचे पाणी जिथे पोचले नव्हते ती घरे सुरक्षित, असा तिथल्या अनेकांचा अनुभवावर आधारलेला हिशेब होता. २००५ साली तिसऱ्या श्रेणीत उतरलेले, पण घेराने कितीतरी मोठे कतरिना त्याच किनाऱ्यावर आले आणि पाणी साडेआठ मीटरपर्यंत चढले. कॅमिलने १९६९पेक्षा २००५ साली अधिक बळी घेतले, असे तेथे नंतर म्हटले जाई.

अखेर २०१०पासून दाब आणि पाण्याची उंची श्रेणीतून काढून टाकण्यात आली आणि ती केवळ वाऱ्याची श्रेणी उरली. शास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता. मात्र ज्या अंकात पाणीही मोजलेले असते असे लोकांना जवळजवळ चार दशके शिकवले गेले, त्यातून ते काढताना त्याच्या जागी दुसरा तितकाच ठसठशीत इशारा तयार ठेवलेला नव्हता, आणि ही चूक लहान मानता येणार नाही. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे नव्वद टक्के पाण्यामुळे गेले होते, त्यात पावसाच्या पुराचे बळीही धरलेले आहेत.

किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचा स्वतंत्र इशारा २०१७ साली रीतसर सुरू झाला. मधल्या काळात, २०१२च्या ऑक्टोबरात, सँडी आले. किनाऱ्याला लागण्याच्या थोडे आधी त्याचे उष्णकटिबंधीय रूप संपेल, म्हणजे नियमाने ते चक्रीवादळ राहणार नाही, या अंदाजामुळे न्यूयॉर्कच्या किनाऱ्यासाठी चक्रीवादळाचा इशारा देण्यातच आला नाही, आणि पौर्णिमेच्या भरतीवर वादळाचे पाणी चढले. इशाऱ्याचा तो नियम पुढच्याच वर्षी बदलावा लागला.

शब्दाचा घोळ किती महाग पडतो, हे नोव्हेंबर २०१३मध्ये फिलिपिन्समधील टाक्लोबान शहरात दिसले. हैयान या चक्रीवादळापूर्वी ‘स्टॉर्म सर्ज’चा, म्हणजे अशा चढत्या पाण्याचा, इशारा लोकांपर्यंत पोचला होता, पण वाचलेल्यांपैकी अनेकांनी नंतर सांगितले की त्सुनामी म्हटले असते तर आम्ही घर सोडून पळालो असतो.

२०२४ साली काही संशोधकांनी ताशी ३०९ किलोमीटरपुढच्या वाऱ्यांसाठी सहावी श्रेणी सुचवली. त्या मर्यादेपुढे गेलेल्या पाच वादळांत हैयानही आहे, मात्र टाक्लोबानमध्ये बहुतेक माणसे दगावली ती पाण्याने, आणि सुचवलेल्या सहाव्या श्रेणीतही मोजला जाणार आहे तो वाराच.