चोराच्या नजरेतलं घर

दोन मुलं शाळेला दांडी मारतात. गुरुवारी एकाची आई घरी नसते, म्हणून दोघं त्याच्याच घरी जातात आणि तो मित्राला घर दाखवत हिंडतो. घर रस्त्यापासून आत, ऐसपैस. सायकली, रंगीत टीव्ही, दुर्मिळ नाण्यांचा संग्रह. बाजूच्या दाराला कुलूप नसतं, छप्पर गळतं, तळघराला ओल आहे. संपली गोष्ट. दिवाळी अंकाच्या संपादकाने ती साभार परत केली असती, पण मानसशास्त्रात ती गाजली.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले जेम्स पिचर्ट आणि रिचर्ड अँडरसन यांनी ती काहींना चोराच्या नजरेने वाचायला सांगितली, तर काहींना घर विकत घेणाऱ्याच्या. १९७७ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. चोर झालेल्यांच्या लक्षात टीव्ही आणि नाणी जास्त राहिली, गिऱ्हाइकांच्या लक्षात गळकं छप्पर. इथवर नवल नाही. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेला प्रयोग मला जास्त भारी वाटतो. त्यात वाचकांनी आठवेल ते सगळं लिहून काढल्यावर त्यांच्या भूमिका बदलल्या आणि गोष्ट पुन्हा वाचायला न देता पुन्हा लिहायला सांगितलं. आधी न आठवलेले तपशील आता आठवले! म्हणजे छप्पर डोक्यात शिरलं होतंच, पण चोराला त्याचं काय करायचंय?

कथानकाचंही असंच. घटना नुसत्या एकापुढे एक मांडल्या की कथानक होत नाही. कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असावं लागतं. चोराच्या कथेत उघडं दार ही सुरुवात, गिऱ्हाइकाच्या कथेत गळकं छप्पर ही कलाटणी. आणि त्या मुलाची कथा केली, तर दारही नको आणि छप्परही. आई आज लवकर आली तर, एवढीच धास्ती कथेला पुरते.

वाचकाचं मन मुख्य पात्राला किती चिकटून चालतं, हे १९८७ साली आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मोजलं. जॉन स्वेटशर्ट घालून धावायला जातो. दुसऱ्या आवृत्तीत तो स्वेटशर्ट काढून जातो. एका शब्दाचा फरक. जॉन तळ्याला अर्धी फेरी मारतो, मग वाचकापुढे ‘स्वेटशर्ट’ हा शब्द ठेवतात: हा गोष्टीत होता का? जॉनच्या अंगात तो असेल तर उत्तर चटकन येतं. मागे राहिला असेल तर वेळ लागतो. त्याच वर्षी डॅनियल मॉरो आणि सहकाऱ्यांना इमारतीतल्या खोल्यांबाबतही तेच दिसलं. पात्र ज्या खोलीत पोचलंय तिथल्या वस्तू वाचकाला पटकन आठवतात, इतर खोल्यांतल्या उशिरा.

रहस्यकथा लिहिणाऱ्यांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक असावं. महत्त्वाचा धागा ते उघडपणे सांगतात, पण नायक घाईत ओलांडून जातो त्या खोलीत. शेवटी नायकाला तो उमगतो, तेव्हा वाचक पानं मागे उलटून बघतो. धागा तिथे असतो, आणि त्याने तो वाचलेलाही असतो.