रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं म्हणजे उजळणी झाली?

ऑनलाइन पदवी करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘लेक्चर कुठे पळून जातंय? नाही समजलं तर परत बघ, उजळणी आपोआप होते.’ हा समज खोटा आहे, आणि त्यापायी मेहनती मुलंसुद्धा परीक्षेत अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्यांदा पाहताना सगळं ओळखीचं वाटतं. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर उतरवता येणं वेगळं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदा वाचून, तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्याने तपासलं तेव्हा मात्र तो सुमारे 42 टक्के आठवला, आठवून लिहिलेला 56 टक्के. फसगत होते ती इथेच, कारण पुन्हा पाहण्याचा फायदा लगेच दिसतो आणि लगेच विरतो.

म्हणून लेक्चर दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबवा. स्क्रीन झाका. आत्ता काय सांगितलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. पेन जिथे अडेल तेवढाच भाग मागे नेऊन पाहा. दोन दिवसांनी वही न उघडता तेच पुन्हा लिहा. सुरुवातीला चार ओळींपुढे जाता येत नाही, जीव कासावीस होतो, पण ती धडपड हाच अभ्यास आहे.

आणि ‘कधीही बघता येतं’ म्हणून साठवू नका. असाइनमेंटची तारीख कुणासाठी थांबत नाही.