आरोपपत्राविना कोठडी: रेग्युलेशन तीन ते यूएपीए

नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी मार्च १८१८ मध्ये अटक केली, तेव्हा त्यांच्यावर खटला चालवावा असे कोणाच्या मनातही आले नाही. सीताबर्डीची लढाई नुकतीच चार महिन्यांपूर्वी झाली होती, इंग्रजांचे नागपुरातील प्रतिनिधी (रेसिडेंट) जेन्किन्स यांना कटाचा संशय होता आणि तेवढ्यावर राजाला अलाहाबादला नेऊन ठेवण्याचे ठरले. मे महिन्यात अप्पासाहेब वाटेतूनच निसटले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात ‘बंगाल रेग्युलेशन तीन’ मंजूर झाले. राज्याच्या सुरक्षिततेला धोका वाटतो, पण न्यायालयात उभे करण्याइतका पुरावा नाही किंवा तसे करणे सोयीचे नाही, अशा माणसाला सरकारच्या केवळ हुकमावर बंदिवासात ठेवण्याची सोय त्यात होती. या दोन घटनांमध्ये थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र दोन्हींमागचा विचार एकच होता. आजच्या दहशतवादविरोधी कायद्यांतील कोठडीचा उगम शोधायचा झाला, तर तो या विचारापर्यंत जातो.

मुंबई इलाख्यासाठी १८२७ चे रेग्युलेशन पंचवीस होते. प्लेगच्या काळात, १८९७ मध्ये, रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना त्याखालीच स्थानबद्ध करण्यात आले. टिळकांवर निदान राजद्रोहाचा खटला तरी चालला. नातू बंधूंवर कोणताही आरोप ठेवला गेला नाही, त्यामुळे त्यांना उत्तर द्यायलाही जागा नव्हती. १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना मंडालेस पाठवले गेले, ते १८१८ च्या रेग्युलेशनचाच आधार घेऊन. पुढे युद्धकाळातील अधिकार शांततेच्या काळातही हाती राहावेत म्हणून मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला आणि ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही घोषणा देशभर गेली.

त्या घोषणेतून घडलेल्या पिढीने राज्यघटनेतच प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा द्यावी, ही गोष्ट आजही अस्वस्थ करते. अर्थात घटना समितीपुढचा पेच खरा होता. फाळणीच्या हिंसाचाराच्या सावटाखाली समितीने ‘योग्य न्यायप्रक्रिया’ हा व्यापक शब्दप्रयोग सोडून ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ हा मर्यादित शब्दप्रयोग स्वीकारला होता. त्यामुळे व्यक्तिस्वातंत्र्याचे जे नुकसान झाले, त्याची काही प्रमाणात भरपाई म्हणून आपण ही नवी तरतूद आणत आहोत, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी आजच्या कलम २२ चा मसुदा मांडताना स्पष्ट केले. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे ही हमी त्या कलमात आहे. पण त्याच कलमाच्या पुढच्या भागात प्रतिबंधक स्थानबद्धांना या हमीतून वगळले आहे आणि त्यांच्यासाठी हुकमाची कारणे कळणे, त्याविरुद्ध निवेदन देण्याची संधी आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असल्यास सल्लागार मंडळाची तपासणी एवढेच संरक्षण उरते. आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद करणाऱ्या तरतुदीला याआधी ऑगस्टमध्ये कडाडून विरोध करणाऱ्या सदस्यांपैकी हरी विष्णू कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडाचे, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचे प्रतिनिधी होते. त्यांनी त्या दिवसाला लाजिरवाणा दिवस म्हटले होते.

घटना लागू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने ए. के. गोपालन प्रकरणात तो बव्हंशी वैध ठरवला आणि तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत १९६९ च्या अखेरीपर्यंत टिकला. दीड वर्षाच्या खंडानंतर, १९७१ मध्ये मिसा (अंतर्गत सुरक्षा कायदा) आला.

मिसाची आठवण नागपुरात अजून जिवंत आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना ३० जून १९७५ रोजी नागपूर रेल्वे स्थानकावरच अटक झाली. आणीबाणीत देशभर सुमारे ३५ हजार लोक मिसाखाली आत होते, असे शहा आयोगाने नोंदवले. संघ, समाजवादी, सर्वोदयी, डावे अशा सर्वांचा त्यात समावेश होता. राष्ट्रपतींच्या आदेशाने हक्क गोठवलेले असतानाही स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याला धरून आहे की नाही, एवढे तरी आम्ही तपासू शकतो, अशी भूमिका अनेक उच्च न्यायालयांनी घेतली आणि त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने हे सर्व निकाल रद्द केले. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्याची किंमत म्हणून त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. हा निकाल स्पष्ट शब्दांत रद्दबातल व्हायला ऑगस्ट २०१७ उजाडले. मिसा गेला, मिसाबंदींना पुढे राज्य सरकारचे मानधनही मिळाले, पण १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि १९८१ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा स्थानबद्धता कायदा, एमपीडीए. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तीन महिन्यांची मुदत दोन महिन्यांवर आणली होती आणि सल्लागार मंडळाची रचना सुधारली होती. ते कलम अमलात आणण्याची अधिसूचना आजवर कोणत्याही पक्षाच्या सरकारने काढलेली नाही.

इथपर्यंतचा इतिहास उघड स्थानबद्धतेचा आहे: हुकूम, त्याची कारणे, मंडळ आणि राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात जास्तीत जास्त १२ महिने. १९८५ पासून दुसरी वाट तयार झाली आणि माझ्या मते नागरी स्वातंत्र्याला तिचा धोका अधिक आहे, कारण तिला स्थानबद्धता म्हणतच नाहीत. ती गुन्ह्याच्या तपासाच्या नावाने चालते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ नुसार (जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार) ६० किंवा, गंभीर गुन्ह्यात, ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. न्यायालयाच्या आवारात त्याला ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याने ही मुदत एक वर्षावर नेली. त्या कायद्याखाली सुमारे ७६ हजार लोकांना अटक झाली आणि शिक्षेचे प्रमाण दोन टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. १९९३ मध्ये दुरुस्ती करून मुदत १८० दिवसांवर आणली आणि त्यापुढे वाढ हवी असल्यास सरकारी वकिलाचा अहवाल बंधनकारक केला. तपासात काय प्रगती झाली आणि या विशिष्ट आरोपीला आणखी आत ठेवणे का आवश्यक आहे, हे त्यात सांगावे लागते. हा अहवाल म्हणजे पोलिसांचे टपाल पुढे सरकवणे नव्हे, सरकारी वकिलाने स्वतःची बुद्धी वापरली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हितेंद्र ठाकूर प्रकरणात बजावले.

टाडा १९९५ मध्ये आणि त्यानंतरचा दहशतवादविरोधी कायदा पोटा २००४ मध्ये संपला, पण या तरतुदी संपल्या नाहीत. मोक्कात, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, त्या १९९९ पासून आहेत. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, त्या १९६७ च्या यूएपीएत (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात) कलम ४३-डी म्हणून दाखल झाल्या. आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत आणि पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत. शिवाय आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, तर जामीन नाही. टाडा आणि पोटा ठरावीक मुदतीचे कायदे होते, संसदेला त्यांचा पुन्हा विचार करावा लागे. यूएपीए कायमचा आहे.

याचे प्रत्यक्ष रूप नागपूरने जवळून पाहिले आहे. मे २००७ मध्ये येथे अटक झालेले कार्यकर्ते अरुण फरेरा चार वर्षांहून अधिक काळानंतर, सप्टेंबर २०११ मध्ये, मध्यवर्ती कारागृहाच्या दारातून बाहेर पडले, तेव्हा तिथेच पोलिसांनी त्यांना पुन्हा ताब्यात घेतले. जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख शोमा सेन यांना अटक झाली. ९० दिवस भरत असताना पुण्याच्या न्यायालयाने आणखी ९० दिवस दिले. सरकारी वकिलाचा स्वतंत्र अहवालच नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये ही मुदतवाढ रद्द केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दोष स्वरूपाचा आहे, आशयाचा नाही, असे सांगून ती पुन्हा ग्राह्य धरली. सरकारी वकिलाचा अहवाल हे या कायद्यातले जवळजवळ एकमेव कुलूप आहे आणि त्याची किल्ली इतक्या सहज फिरावी, हे मला मान्य होत नाही. शोमा सेन यांना एप्रिल २०२४ मध्ये जामीन मिळाला, तेव्हा आरोपपत्र दाखल होऊन पाच वर्षे उलटली होती आणि तरीही न्यायालयात आरोप निश्चित झालेले नव्हते. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याची कमाल मर्यादा १२ महिने; येथे जवळजवळ सहा वर्षे गेली.

दहशतवाद ही कल्पना नव्हे, त्यात माणसे मरतात. तपास गुंतागुंतीचा असतो, मोबाइल आणि हार्ड डिस्कच्या तपासणीला वेळ लागतो. हे सारे खरे आहे. ब्रिटनपुढेही हेच प्रश्न होते. ऑगस्ट १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये पहिल्याच दिवशी ३४२ जणांना खटल्याविना ताब्यात घेण्यात आले, त्यातून हिंसा वाढली आणि १९७५ मध्ये तो प्रयोग सोडावा लागला. लंडनमधील २००५ च्या बॉम्बस्फोटांनंतर ९० दिवसांचा प्रस्ताव त्यांच्या संसदेने फेटाळला. २८ दिवसांची मर्यादा आली आणि २०११ पासून ती १४ दिवसांवर आहे. ज्या राज्यकर्त्यांनी आपल्याला हा वारसा दिला, त्यांच्याकडे आज दहशतवादाच्या संशयिताला आरोपाविना १४ दिवस ठेवता येते आणि आपल्याकडे १८०.

के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटले की, खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल, तर कलम ४३-डी असतानाही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. त्या आरोपीने तोवर पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. असा किती काळ पुरेसा मानायचा, हे कायद्यात लिहिलेले नाही. ते प्रत्येक वेळी त्या त्या खंडपीठावर सोपवलेले आहे.