बिकिनी बेटावरचा लांब झगा

५ जुलै १९४६ रोजी पॅरिसमध्ये लुई रेआरने तोकडा पोहण्याचा पोशाख लोकांसमोर आणला आणि त्याला नाव दिलं बिकिनी. चारच दिवस आधी प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांमधल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने अणुबॉम्ब फोडला होता, त्यामुळे नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. खुद्द या बेटांवरच्या बायका मात्र समुद्रात उतरतात त्या बहुधा अंगावरच्या कपड्यांनिशीच. मांडी उघडी दिसणं तिथे असभ्य मानतात.

हा संकोच मिशनऱ्यांनी आणला असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १८१७ मध्ये दर्यावर्दी कोट्झेब्यूच्या रशियन जहाजावरचा चित्रकार लुई कोरिस इथे आला. त्या काळी बायका कमरेच्या वर उघड्याच असत, पण खाली पुढून एक आणि मागून एक अशा दोन चटया दोरीच्या पट्ट्याने घट्ट बांधत. मांड्या झाकलेल्याच. पुरुष सालीच्या तंतूंचा झालरीसारखा घागरा नेसत. गोंदण हाही एक पेहरावच होता.

या चटयांना म्हणतात जाकी-एद. आपल्या केवड्याच्याच कुळातल्या झाडाची पानं घ्यायची, काटे काढायचे, वाळवायची आणि मोठ्या शिंपल्याच्या बत्त्याने मऊ होईपर्यंत कुटायची. मग बारीक पट्ट्या फाडून विणायचं आणि काठाला जास्वंदीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचे गडद तंतू घालून नक्षी काढायची.

१८५७ मध्ये इबॉन बेटावर अमेरिकी मिशनरी उतरले आणि गळ्यापासून घोट्यापर्यंतचा सैल झगा आला. गोंदण पाप ठरलं. खोबऱ्याच्या व्यापाराबरोबर कापडही येऊ लागलं आणि चटई नेसणं मागे पडलं. त्यानंतर जर्मन, जपानी, अमेरिकी अशा राजवटी बदलत गेल्या. हस्तकलेला तिथे आजही अमिमोनो म्हणतात, तो शब्द जपानीच. झगा मात्र फुलाफुलांचा होऊन टिकला. चर्चला जाताना पुरुषही रंगीत शर्ट घालतात.

बिकिनीच्या १६७ जणांना चाचणीआधीच हलवलं होतं. १९४८ पासून किली बेटावर राहिलेल्या त्यांच्या बायका हातपिशव्या विणू लागल्या. 'किली बॅग' म्हणून त्या नावाजल्या. जाकी-एद मात्र जवळजवळ विसरली गेली होती. २००६ मध्ये मार्शल बेटांची राजधानी माजुरोतल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या केंद्रात आयरीन ताफाकी आणि मारिया काबुआ फाउलर यांनी तिचं विणकाम पुन्हा सुरू करवलं. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांवरून विणकरणी नक्षी उचलू लागल्या. नव्या चटयांचे लिलाव होतात. घेणारे त्या नेसत नाहीत, भिंतीवर टांगतात.